पान्हा आणि सोबत

सस्तन प्राण्यांचा धडा शिकवताना आपण एक वाक्य हमखास सांगतो : 'हे प्राणी पिलांना जन्म देतात व त्यांना दूध पाजून वाढवतात.' वाक्य फळ्यावर लिहून झाले की आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. वटवाघूळ, देवमासा आणि माणूस एकाच ओळीत बसतात. ऐकणाऱ्या मुलामुलींची मात्र अशी समजूत होते, की दूध पाजणे ही श्वास घेण्याइतकीच आपोआप घडणारी गोष्ट असावी.

ज्या घरात नुकतेच बाळंतपण झाले आहे तिथले चित्र वेगळे असते. बाळ रडत असते, आईला अंग दुखत असते, झोप नसते, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारत असते, "दूध पुरतंय ना गं?" चार दिवसांनी आईलाही वाटू लागते, की बहुधा पुरत नसावे. मग पावडरचा डबा येतो.

२०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील तीन आकडे पाहा. देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली. परंतु जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत आईचे दूध मिळालेली बाळे होती ४१.८ टक्के. आणि सहा महिन्यांखालील बाळांपैकी फक्त आईच्या दुधावर असलेली बाळे होती ६३.७ टक्के. म्हणजे डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापर्यंत आई पोहोचली, तरी निम्म्याहून अधिक बाळांची पहिल्या तासातली संधी हुकली. पुढच्या सहा महिन्यांतही दर तीन बाळांपैकी एकाला पाणी, गुटी, मध किंवा वरचे दूध दिले जात होते.

जी गोष्ट निसर्गाने दिली आहे तिला मदत का लागावी? आणि ती मदत कोणी करावी? या दोन प्रश्नांचा विचार आपण या लेखात करणार आहोत. त्यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रात आहे.

दूध तयार होणे आणि दूध उतरणे

स्तनात दूध येण्यामागे दोन वेगवेगळ्या क्रिया असतात. पहिली क्रिया दूध तयार होण्याची. बाळ चोखू लागले की स्तनाग्रातील चेतातंतूंमार्फत मेंदूकडे संदेश जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रक्तात येते. ते दूध तयार करणाऱ्या पेशींना कामाला लावते. बाळ जितक्या वेळा आणि जितके नीट चोखेल तितके दूध अधिक तयार होते. उलट, स्तनात दूध साठून राहिले तर त्या पेशींचे काम मंदावते. विहिरीचा उपसा झाला की झरे वाहू लागतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून बाळाला वरचे दूध पाजून 'आईला जरा विश्रांती' दिली, की दुसऱ्या दिवशी आईचे दूध खरोखरच थोडे कमी होते.

दुसरी क्रिया तयार झालेले दूध बाहेर येण्याची. त्यासाठी पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन हे दुसरे संप्रेरक बाहेर पडते. दुधाच्या बारीक पिशव्यांभोवती स्नायूसारख्या पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिनमुळे ती आकुंचन पावते आणि दूध नलिकांतून पुढे ढकलले जाते. यालाच आपण 'पान्हा फुटणे' म्हणतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया असली, तरी गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तितकी ती सरळ नाही. तिच्या वाटेत मेंदू येतो. बाळाचे रडणे नुसते कानावर पडले, तरी पान्हा फुटू शकतो. आणि भीती, वेदना, संकोच किंवा काळजी असेल, तर बाळ चोखत असूनही तो अडू शकतो.

गुरे पाळणाऱ्यांना हे पूर्वीपासून माहीत आहे. धार काढायला अनोळखी माणूस बसला की म्हैस पान्हा चोरते. वासरू किंवा पारडू जरा वेळ लावल्याशिवाय ती पान्हवत नाही. १९४१ साली इलाय आणि पीटरसन या अमेरिकन संशोधकांनी गायींना धार काढण्याच्या वेळी मुद्दाम घाबरवून पाहिले. त्यासाठी त्यांनी गायीच्या पाठीवर मांजर ठेवले आणि जवळच कागदी पिशव्या फोडून आवाज केले. घाबरलेल्या गायींनी दूध सोडले नाही.

माणसावरचा प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. मायकेल न्यूटन आणि नाइल्स न्यूटन हे अमेरिकन दांपत्य. प्रयोगातली आई स्वतः नाइल्सच होती. काही दिवस तिने नेहमीप्रमाणे शांतपणे बाळाला पाजले. काही दिवस मात्र पाजताना तिला त्रास दिला गेला. तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, पायाचे बोट दुखेल असे ओढले, भराभर गणिते विचारली. बाळाने किती दूध घेतले ते दर वेळी मोजले. शांतपणे पाजले तेव्हा बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळाले होते. त्रास दिला तेव्हा मिळाले फक्त ९९ ग्रॅम. आणि त्रास देऊनही ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले, तेव्हा पुन्हा १५३ ग्रॅम. याचा अर्थ स्पष्ट आहे. दूध स्तनात होतेच, ते उतरत नव्हते.

एकाच आईवरचा प्रयोग म्हणून त्याला मर्यादा आहेत. पण त्यातून दिसलेली गोष्ट पुढच्या संशोधनानेही खरी ठरवली. आता वर सांगितलेल्या घराकडे पुन्हा पाहू. काळजीमुळे पान्हा उशिरा फुटतो. बाळ चिडते व रडते. 'दूध नाही' असे घरातले म्हणतात. वरचे दूध सुरू होते. बाळ चोखणे कमी करते. म्हणून दूध कमी तयार होते. शेवटी 'दूध नाही' हे म्हणणे खरे ठरते. हे चक्र एकदा सुरू झाले की आईच्या एकटीच्या निश्चयाने ते थांबत नाही. निश्चयाने पान्हा फुटत नाही, तो निवांतपणाने फुटतो. म्हणूनच इथे दुसऱ्या माणसाची गरज लागते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. काही थोड्या स्त्रियांना आजारामुळे किंवा शरीरातील अन्य कारणांमुळे दूध खरोखरच अपुरे येते. काही बाळे अपुऱ्या दिवसांची असतात आणि त्यांना चोखता येत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने अन्य मार्ग शोधावे लागतात. मुंबईच्या शीव येथील महापालिका रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली मातृदुग्ध पेढी हा असाच एक मार्ग. 'काळजी करू नकोस, दूध येईल' एवढे म्हणून या आयांची बोळवण करणे चूक आहे, आणि त्यांना दोष देणे तर त्याहून चूक आहे.

शिकावी लागणारी गोष्ट

बाळ काही क्रिया जन्मतःच घेऊन येते. गालाला बोट लागले की ते तिकडे तोंड वळवते, तोंडात काही आले की चोखते, दूध आले की गिळते. आईच्या बाजूने मात्र बरेचसे शिकावे लागते. बाळाला कसे धरायचे, त्याच्या तोंडात केवळ स्तनाग्र न जाता भोवतालच्या काळ्या भागाचाही बराचसा हिस्सा जाईल असे कसे लावायचे, भूक लागल्याच्या खुणा कशा ओळखायच्या, हे तिला कोणीतरी दाखवावे लागते. बाळ नीट लागले नाही तर स्तनाग्राला चिरा पडतात. मग दुखते, आणि दुखले की पान्हा अडतो.

पूर्वी हे शिक्षण घरातच होत असे. एकत्र कुटुंबात मुलगी लहानपणापासून काकू, आत्या, मोठी बहीण यांना पाजताना पाहत असे. बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची आपली रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. सव्वा महिना विश्रांती, आयते जेवण, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, शेक, आणि मुख्य म्हणजे हक्काची माणसे. पण ही व्यवस्था निर्दोष होती असे समजण्याचे कारण नाही. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. आईचा चीक मात्र खराब दूध समजून कित्येक घरांत पिळून टाकला जाई. रोगांशी झगडणारी द्रव्ये त्या पहिल्या दाट, पिवळसर दुधात सर्वांत अधिक असतात. बाळाच्या तोंडाला प्रथम मध लावण्याची चाल होती, आणि मधातून एक घातक जंतुविष बाळाच्या पोटात तयार होऊ शकते हे आज आपल्याला माहीत आहे. सुनेने काही दुखते-खुपते सांगावे, अशीही सगळीकडे सोय नव्हती.

आता ते शिकवणारे घर लहान झाले आहे. नवरा-बायको नोकरीसाठी दुसऱ्या गावी असतात. आजी असली तरी तिच्या स्वतःच्या मुलांना, डब्यांच्या जाहिराती जोरात असलेल्या काळात, बाटलीने पाजलेले असू शकते. दवाखान्यातून सामान्यतः दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात आणि दूध भरून येते ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणजे स्तन दगडासारखे घट्ट झाले, बाळ लागेनासे झाले, नेमक्या त्या वेळी जाणते माणूस जवळ नसते.

सात आयांची मंडळी

ही पोकळी पहिल्यांदा जाणवली ती ज्या देशांत बाटलीचा प्रसार सर्वांत आधी झाला तिथे. १९५० च्या दशकात अमेरिकेत जेमतेम पाचांतले एक बाळ अंगावर पीत असे. १९५६ साली इलिनॉय राज्यात एका सहलीत दोन आया आपापल्या बाळांना पाजत बसल्या होत्या. इतर बायका त्यांच्याभोवती जमल्या आणि म्हणाल्या, आम्हालाही पाजायचे होते, पण जमले नाही. त्या दोघींनी आणखी पाच मैत्रिणींना बरोबर घेतले आणि फ्रँकलिन पार्क या गावी एकीच्या घरात बैठका सुरू केल्या. संस्थेचे नाव त्यांनी ठेवले 'ला लेचे लीग'. 'ला लेचे' म्हणजे स्पॅनिशमध्ये दूध. स्तनपान हा शब्द त्या काळी तिथल्या वर्तमानपत्रांत छापणे सभ्य मानले जात नसे, म्हणून हा परभाषेतला आडोसा!

त्यांची रीत साधी होती. जिने स्वतः पाजले आहे तिने, जी आता पाजते आहे तिच्याशी बोलायचे. पुढे ही कल्पना जगभर पसरली. १९९१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 'बाळ-स्नेही रुग्णालय' हा उपक्रम सुरू केला. त्याच्या दहा पायऱ्यांतील शेवटची पायरी होती, घरी जाणाऱ्या आईला अशा आधारगटाशी जोडून देणे.

पण चांगली वाटणारी प्रत्येक कल्पना उपयोगी पडतेच असे नाही. ती तपासून पाहावी लागते.

ढाक्याचा पडताळा

असा पडताळा ढाका शहरात घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. शहरातील वस्त्यांचे ४० विभाग केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कोणतीही निवड न करता, त्यांतले २० एका बाजूला व २० दुसऱ्या बाजूला ठेवले. एका गटातील गरोदर स्त्रियांकडे त्याच वस्तीतली एक आई जाऊ लागली. ती थोडी शिकलेली, स्वतः बाळाला पाजलेली, आणि ४० तासांचे प्रशिक्षण घेतलेली होती. बाळंतपणाआधीपासून बाळ पाच महिन्यांचे होईपर्यंत एकूण १५ भेटी ठरवल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच भेटी पहिल्या काही आठवड्यांत होत्या. दुसऱ्या गटाला नेहमीच्या सोयी होत्या.

पाच महिने पूर्ण झाले तेव्हा केवळ आईच्या दुधावर असलेली बाळे भेटी झालेल्या गटात ७० टक्के होती. दुसऱ्या गटात होती ६ टक्के.

हा फरक कोणत्याही औषधाचा नाही. दोन्ही गटांतील स्त्रिया एकाच शहरातल्या होत्या. मेक्सिको शहरात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात भेटींची संख्या बदलून पाहिली होती. तीन महिन्यांनी केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण सहा भेटींच्या गटात ६७ टक्के, तीन भेटींच्या गटात ५० टक्के आणि भेटी नसलेल्या गटात १२ टक्के होते. सोबत जितकी अधिक तितका परिणाम अधिक.

अशी बाई भेटीत करते काय? ती व्याख्यान देत नाही. "ताई, आता पाजायचीच वेळ झाली आहे ना? पाजा, मी बसते," असे म्हणून ती शेजारी बसते व पाहते. बाळाचे तोंड पुरेसे उघडले आहे का, हनुवटी टेकली आहे का, गिळल्याचा आवाज येतो का. आई म्हणाली, "दूध पुरत नाही," तर ती विचारते, "कालपासून शू किती वेळा केली?" पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. रडण्यावरून दूध मोजता येत नाही, लघवीवरून आणि वजनावरून येते. आणि हे सगळे ती सासूबाईंच्या देखत बोलते. घरात निर्णय कोण घेते हे तिला ठाऊक असते, कारण तीही तशाच घरात राहते.

आईचे मन

आतापर्यंत आपण दुधाविषयी बोललो. पण भेटीला गेलेल्या बाईला दुधापेक्षा वेगळेही काही दिसते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच स्त्रियांना उगाच रडू येते, चिडचिड होते. संप्रेरकांच्या पातळीत झालेला मोठा बदल, थकवा आणि अपुरी झोप ही त्याची कारणे. हे दोन आठवड्यांच्या आत बहुधा ओसरते.

तसे न होता उदासी टिकून राहिली, कशातच मन लागेनासे झाले, बाळाविषयी माया वाटत नाही म्हणून अपराधी वाटू लागले, बाळ झोपले तरी झोप येईना, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २२ टक्के बाळंतिणींना हा त्रास होतो. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण २३ टक्के आढळले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव ही मोठी कारणे होती, आणि मुलगी झाली असेल तर या कारणांचा भार आणखी वाढत होता. याच संशोधकांना पुढे असेही आढळले, की अशा आयांच्या बाळांची वाढ मागे पडण्याची शक्यता अधिक असते.

म्हणजे मन आणि दूध हे दोन वेगळे विषय नाहीत. खचलेल्या आईला पाजणे जड जाते, आणि पाजणे जमले नाही की ती आणखी खचते. बापही यातून सुटत नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांच्या २०१० सालच्या एका आढाव्यात सुमारे १० टक्के नव्या बापांत नैराश्याची लक्षणे आढळली. पण त्याला 'तू कसा आहेस?' असे सहसा कोणी विचारत नाही.

इथेही शेजारणीच्या सोबतीचा उपयोग होतो का? कॅनडात नैराश्याचा धोका अधिक असलेल्या ७०१ नव्या आयांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला, पूर्वी स्वतः या त्रासातून गेलेल्या स्वयंसेविका दूरध्वनी करीत. त्यांचे प्रशिक्षण होते फक्त चार तासांचे. बारा आठवड्यांनी नैराश्याची लक्षणे असलेल्या आया या गटात १४ टक्के, तर दुसऱ्या गटात २५ टक्के होत्या.

आपल्याकडचे उदाहरण झारखंड व ओडिशाच्या आदिवासी भागातले आहे. तिथे 'एकजुट' या संस्थेने २००५ ते २००८ या काळात गावोगाव स्त्रियांच्या मासिक बैठका घेतल्या. बैठक चालवणारी स्थानिकच बाई असे. चित्रे, खेळ आणि गोष्टी यांतून बाळंतपणातील अडचणी कोणत्या हे स्त्रियाच ठरवत आणि उपायही त्याच शोधत. जिथे बैठका झाल्या तिथे शेवटच्या दोन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी झाले. आयांच्या नैराश्यात तीन वर्षांचा एकत्र हिशेब करता ठळक फरक दिसला नाही, परंतु तिसऱ्या वर्षी मध्यम तीव्रतेचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळले. बैठकांत औषध नव्हते आणि मानसोपचारही नव्हता. अडचण चारचौघींत बोलता आली आणि चारचौघी मदतीला आल्या, याचाच हा परिणाम असावा असे संशोधकांनी म्हटले.

गोव्यात तर आधीच नैराश्य असलेल्या २८० गरोदर स्त्रियांकडे वस्तीतल्याच बायकांना पाठवून पाहिले. या 'सख्यां'ना आरोग्यसेवेचा कोणताही पूर्वानुभव नव्हता. त्या घरी जाऊन बोलत, आणि स्वतःची, बाळाची व घरातल्या नात्यांची काळजी घेण्याचे लहान लहान मार्ग सुचवत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा सखी लाभलेल्यांपैकी ७३ टक्के स्त्रिया आजारातून बाहेर आल्या होत्या. इतरांत हे प्रमाण ६० टक्के होते. फरक थक्क करणारा नाही. पण मनोविकारतज्ज्ञ मोजके असलेल्या आपल्या देशात तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

जिथे हे जमले नाही

आता दुसरी बाजूही पाहू. मुंबईच्या ४८ झोपडवस्त्यांत २००६ ते २००९ या काळात असाच प्रयोग झाला. निम्म्या वस्त्यांत स्त्रियांचे गट चालवले. पण नवजात बालकांच्या मृत्यूंत त्यामुळे घट दिसली नाही. ब्रिटनमधील अभ्यासांतही शेजारणीच्या मदतीने स्तनपानात विशेष फरक पडल्याचे आढळले नाही. २०१२ सालच्या एका आढाव्यात त्याचे एक कारण पुढे आले : जिथे ठरवलेल्या भेटी पाचांपेक्षा कमी होत्या तिथे परिणाम जवळजवळ शून्य होता.

यावरून काही गोष्टी ध्यानात येतात. सोबत वेळेवर हवी, पहिल्या आठवड्यातच हवी, आणि पुन्हा पुन्हा हवी. ती बाई आईला आपल्यातली वाटायला हवी. जात किंवा पैसा यांचे अंतर असेल तर बोलणे खुलत नाही. तिला प्रशिक्षण हवे, नाहीतर मध चाटवण्याचा सल्लाही ती आपुलकीनेच देईल. आणि आपले काम कुठे संपते हे तिला कळायला हवे. बाळ सुस्त झाले, पीत नाही, अंग गार किंवा फार गरम लागते. आईला ताप आहे, छातीत गाठ येऊन ती लाल झाली आहे. आई भ्रमिष्टासारखे बोलते, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. अशा वेळी आईला क्षणभरही एकटे सोडता कामा नये. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा शासनाचा 'टेली मानस' दूरध्वनी क्रमांकही आहे.

आपल्याकडे या कामाचा सांगाडा तयार आहे. २०११ पासून आशा कार्यकर्तीने नवजात बाळाच्या घरी भेटी द्याव्यात अशी योजना आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामाचा या योजनेमागे मोठा वाटा आहे. परंतु आशाताईंवर इतर कामांचा बोजा असतो. भेटीत वजन आणि तापमान नोंदले जाते. आई कशी आहे, हे विचारायला वेळ उरतोच असे नाही.

शाळेत काय करता येईल?

वर्गात बसलेल्या मुलामुलींपैकी बहुतेक जण दहा-पंधरा वर्षांत आईबाप होतील. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

नववी-दहावीला संप्रेरके व प्रतिक्षिप्त क्रिया शिकवताना पान्ह्याचे उदाहरण अवश्य घ्यावे. ज्यांच्या घरी गुरे आहेत अशी मुले 'पान्हा चोरणे' फार छान समजावून सांगतात. तिथून न्यूटन दांपत्याच्या प्रयोगाकडे वळता येते. त्रास देऊनही ऑक्सिटोसिन का टोचले असेल, त्याशिवाय कोणता निष्कर्ष काढता आला नसता, हा प्रश्न वर्गाला विचारावा.

मोठ्या विद्यार्थ्यांना एक लहान सर्वेक्षण देता येईल. घरातल्या किंवा शेजारच्या निरनिराळ्या वयाच्या तीन स्त्रियांना त्यांनी विचारावे : बाळाला पहिले दूध केव्हा दिले? चीक दिला का? दुधाआधी काही चाटवले का? पहिल्या महिन्यात कोणाची सोबत होती? दशकांनुसार तक्ता केला की बदल डोळ्यांसमोर येतो. मात्र नावे लिहू नयेत, आणि कोणी सांगायला नको म्हटले तर आग्रह करू नये. काहींच्या आठवणीत गमावलेले बाळही असू शकते.

पावडरच्या डब्यावरचा मजकूरही वर्गात वाचावा. १९९२ च्या कायद्याने त्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायला बंदी आहे आणि 'आईचे दूध सर्वोत्तम' ही सूचना सक्तीची आहे. असा कायदा का करावा लागला असेल, ही चर्चा चांगली रंगते.

आणि शाळेतली एखादी बाई रजा संपवून परत येते तेव्हा? दूध काढण्यासाठी दार लागेल अशी एक खोली, तासिकांमध्ये मध्येच वीस मिनिटे, आणि काढलेले दूध झाकून ठेवायला थंड जागा, एवढी सोय मुख्याध्यापकांना करता येईल. खर्च काहीच नाही.

शेवटी एक छोटी सूचना. आपण बाळ बघायला जातो तेव्हा झबले-टोपडे नेतो आणि थेट पाळण्यात डोकावतो. पुढच्या वेळी आधी आईजवळ बसू या. "दूध पुरतं का?" हा प्रश्न टाळू या. "झोप मिळाली का? जेवलीस का? मी जरा बाळाला घेते, तू पाठ टेक," एवढे म्हणू या. बाबा तिथे असेल तर त्यालाही विचारू या.